म्होरकी तुटली नाही तर?

दिवाळी आटोपली की पारनेर तालुक्यातील ढवळपुरीच्या आसपासचे मेंढ्यांचे वाडे हलू लागतात. तुमच्यापैकी जे नगर-कल्याण रस्त्याच्या कडेच्या गावांत राहतात त्यांनी हे दृश्य कितीतरी वेळा पाहिले असेल. पुढे मेंढ्यांचा कळप, दोन्ही अंगांना कुत्री आणि मागून घोडी. घोडीच्या पाठीवर सारे बिऱ्हाड. राहुटीचे कापड, काठ्या, भांडी, धान्य, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन दिवसांची कोकरे. आणि चालून दमलेले एखादे पोरही त्या ओझ्यावर बसवलेले. टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर करीत हे वाडे माळशेज घाट उतरतात, कोकणात चार-सहा महिने काढतात आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात.

आता असे समजा, की त्या घोडीला चिंचेच्या झाडाला बांधले आहे, पाठीवर पोर आहे आणि मागून आलेल्या मालमोटारीने कर्णा वाजवला. घोडीला रोखून धरणारी वस्तू एकच : तिच्या तोंडावरची म्होरकी आणि तिला बांधलेले दावे. तुम्हाला विचारले, की म्होरकी कशी असावी, तर तुम्ही चटकन सांगाल, ‘अगदी पक्की! कधीही न तुटणारी!’

हे उत्तर निम्मे बरोबर आहे. निम्मे कोठे चुकते ते पाहू.

प्रथम म्होरकी आणि लगाम यांतला फरक. लगामाला लोखंडी कडियाळे असते आणि ते घोड्याच्या तोंडात जाते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. तेथे दात नसतात, हाडावर हिरडीचे पातळ आवरण तेवढे असते. कडियाळे नेमके तेथे बसते, म्हणून बोटभर ओढही घोड्याला कळते. म्होरकीत तोंडात काहीच जात नाही. एक पट्टी नाकाडावरून जाते, एक कानांमागून मानेवर, गालांवरच्या दोन पट्ट्या त्यांना जोडतात आणि हनुवटीखालच्या कडीला दावे अडकवतात. हाकायला लगाम, बांधायला आणि चालवत न्यायला म्होरकी, अशी ही वाटणी आहे. लग्नाच्या वरातीत लगामानेच खांबाला बांधलेली घोडी तुम्ही पाहिली असेल. तसे कधीही करू नये. ती दचकून मागे सरली तर सगळा हिसका त्या नाजूक हिरडीवर आणि जिभेवर बसतो.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, वाघासारखे सुळे नाहीत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा तेवढी दिसत नाही. भीती वाटली की आधी पळायचे आणि मग वळून पाहायचे, हा त्याचा लाखो वर्षांचा शिरस्ता. अशा प्राण्याचे डोके बांधलेले असले तर काय होईल? तो मागे सरतो. दावे ताणले जाते आणि कानांमागची पट्टी मानेवर दाबते. त्या दाबापासून सुटण्यासाठी पुढे यावे हे न शिकवलेल्या घोड्याला सुचत नाही. कोणी ढकलले की आपणही नकळत उलट रेटा देतो ना, तसा तोही दाबाच्या विरुद्ध आणखी जोर लावतो. जितका जोर जास्त तितका दाब जास्त, आणि जितका दाब जास्त तितकी भीती जास्त!

हा जोर केवढा असेल? थोडे गणित करू. आपल्याकडची भीमथडी तट्टे लहानखुरी आणि काटक असतात. एका तट्टाचे वजन २५० किलोग्रॅम धरू. दचकून ते सेकंदाला २ मीटर वेगाने मागे सरले. त्याची गतिज ऊर्जा झाली ½ × २५० × २ × २ म्हणजे ५०० जूल. दावे ताठ झाल्यावर ते १० सेंटिमीटरांत थांबले, तर सरासरी बल ५०० ÷ ०·१ = ५,००० न्यूटन. म्हणजे सुमारे ५०० किलोग्रॅम वजन टांगल्याइतकी ओढ, तट्टाच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट! तेच तट्टू अर्ध्या मीटरात थांबले तर बल होते १,००० न्यूटन, म्हणजे एक पंचमांश. मान लवचीक असते, पायांचा रेटा निराळा असतो, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण थांबायला अंतर कमी मिळाले की हिसका किती पटींनी वाढतो ते ध्यानात आले असेलच.

हे घरी करून पाहा. अर्धा लिटर पाणी भरलेली बाटली शिवणाच्या दोऱ्याला बांधा आणि हळूच उचला. दोरा वजन पेलतो. आता दोऱ्याचे वरचे टोक घट्ट धरून बाटली वीतभर उचला आणि सोडून द्या. दोरा ताठ होताच तुटेल. (दोरा फारच पक्का निघाला तर पाणी वाढवा. खाली उशी ठेवायला विसरू नका.) मग दोऱ्याच्या मध्ये दोन रबरबँड गुंफून तेच पुन्हा करा. आता पुष्कळदा दोरा टिकतो. बाटली तीच, उंचीही तीच. मग काय बदलले ते तुम्हीच सांगा.

घोड्याच्या बाबतीत हा हिसका कानांमागे बसतो. कवटी आणि मानेचा पहिला मणका यांचा सांधा तेथेच आहे आणि त्यावरून डोके तोलून धरणारा जाड स्नायुबंध जातो. बारीक दोरी असेल तर सारी ओढ थोड्या जागेवर येते. ८ मिलिमीटर जाडीची दोरी १५ सेंटिमीटर लांबीवर टेकली तर क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर. ३ सेंटिमीटर रुंदीची पट्टी असेल तर ४५. वरच्या ५०० किलोग्रॅमांच्या ओढीला दर चौरस सेंटिमीटरवर दोरीखाली सुमारे ४२ किलोग्रॅम आणि पट्टीखाली सुमारे ११ किलोग्रॅम. दप्तराचे बंद रुंद का करतात त्याचे कारणही हेच.

आणि आता त्या ‘कधीही न तुटणाऱ्या’ म्होरकीकडे येऊ. म्होरकी तुटली नाही, दावे तुटले नाही, झाडही हलले नाही, तर काय होईल? जे सर्वांत दुबळे असेल ते जायबंदी होईल. ते असते घोड्याची मान, नाकाड, किंवा घसरून पडताना पाय. याहून वाईट म्हणजे सगळे काही बराच वेळ टिकून मग एकदम तुटणे. पूर्ण जोर लावून मागे रेलणारे तट्टू अशा वेळी मागच्या मागे उलटते आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटतो. असे पडल्याने कवटीच्या तळाचे हाड मोडून घोडी मेल्याची उदाहरणे पशुवैद्यांना चांगली माहीत आहेत. पाठीवर बसलेल्या पोराचे काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा तुटायचेच असेल तर काहीतरी लवकर, थोड्या ओढीला तुटले पाहिजे.

तुमच्या घरातील विजेच्या फलकात फ्यूजची बारीक तार असते. प्रवाह मर्यादेपलीकडे वाढला की ती तार वितळते आणि घरातील महागडी तार वाचते. फ्यूज मुद्दाम दुबळा केलेला असतो. दाव्यालाही असाच फ्यूज हवा. तो अगदी स्वस्तात होतो. खांबाच्या कडीला सुतळीचे एक वेटोळे बांधायचे आणि दावे कडीला न बांधता त्या वेटोळ्याला बांधायचे. साधी झुलती ओढ सुतळी सहन करते. जिवाच्या आकांताचा हिसका बसला की तुटते. सुतळी किती जाड असावी हे जनावरावर ठरते. म्हणून जनावराला बांधण्यापूर्वी वेटोळे स्वतः ओढून पाहा. मोठ्या माणसाने पाय रोवून जोराचा हिसका दिल्यावर ते तुटत नसेल, तर सुतळीचा एखादा पदर काढून टाका. मात्र सुतळी तागाचीच हवी. प्लास्टिकची सुतळी दिसते बारीक, पण तुटायचे नावच घेत नाही. काही जण सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालतात. हिसका त्याने खरोखरच कमी होतो, पण ट्यूब तुटली तर गलोलीसारखी उलटते आणि तिच्या टोकाची लोखंडी कडी डोळ्यावर येऊ शकते. मी ती सुचवणार नाही.

येथे एखादा चौकस वाचक विचारील, ‘सुतळी तुटली आणि घोडी मोकळी सुटून हमरस्त्यावर गेली तर?’ प्रश्न अगदी रास्त आहे. कुंपणाच्या आत, गोठ्यात, अंगणात सुतळीचा फ्यूज चांगला. धावत्या रस्त्याच्या कडेला सुटलेली घोडी तिला स्वतःला आणि दुसऱ्यांनाही धोक्याची. तेथे बांधूनच ठेवू नये; माणसाने दावे हातात धरून उभे राहावे. माणसाचा हात हा सर्वांत शहाणा फ्यूज आहे. तो थोडा ढील देतो, पुन्हा आवरतो, आणि तोंडाने ‘हो, हो’ म्हणून धीरही देतो. आणि बांधलेल्या जनावराच्या पाठीवर पोर कधीच ठेवू नये, मग सावली कितीही गार असो.

बांधण्याची उंचीही महत्त्वाची. खांबाला किंवा झाडाला बांधायचे तर घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याइतके किंवा त्याहून वर बांधावे, आणि ढील दीड हाताहून जास्त ठेवू नये. खाली बांधले तर दाव्यात पुढचा पाय अडकतो. गाठ अशी हवी, की मोकळे टोक एकदा ओढले की सुटेल; बुटाच्या नाडीचे फूल सुटते तशी. ओढ बसली की नेहमीची गाठ आवळून दगडासारखी होते आणि धडपडणाऱ्या घोड्याशेजारी उभे राहून ती नखांनी सोडवणे म्हणजे जिवाशी खेळ. हलणाऱ्या वस्तूला तर कधीच बांधू नये. सैल रोवलेली खुंटी उपटली गेली की ती दाव्याच्या टोकाला उड्या मारीत घोड्याच्या मागे लागते. घोडा भितो, पळतो, आणि जितका पळतो तितकी खुंटीही मागे पळते!

आता दोरीच्या जातीबद्दल. पूर्वी अंबाडी, घायपात, ताग, सूत यांच्या दोऱ्या वळत. आता बाजारात रंगीत, गुळगुळीत दोर मिळतात. सगळ्यांना आपण नायलॉनचा कासरा म्हणतो, पण त्यांतले पुष्कळ पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते पाण्याने कुजत नाहीत आणि स्वस्त असतात, हे खरे. पण त्यांचा एक दुर्गुण आहे. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ते उष्णतेला भिणारे आहे असे तुम्ही म्हणाल. तरी तळहातातून सर्रकन निसटताना घर्षणाने तापून ते कातडी आधी भाजते. पायात अडकलेला असा दोर घोड्याच्या खुरामागची कातडी सोलून काढतो.

सुती दोरी मऊ खरी, पण तिचीही एक खोड आहे. सुती दोरीचा हातभर तुकडा घ्या, पट्टीने मोजा, पाण्यात तासभर भिजवा आणि ओली असतानाच पुन्हा मोजा. ती आखूड झालेली दिसेल. कारण असे : भिजल्यावर तंतू जाडीत फुगतात, पिळातल्या फुगलेल्या पदरांना एकमेकांभोवती वळसा घालायला जास्त लांबी लागते, आणि ती लांबी दोरीच्या लांबीतून वजा होते. कोरडी असताना ठीक बसणारी दोरीची म्होरकी म्हणूनच कोकणातल्या दवात किंवा वळिवाच्या सरीत आवळली जाते. पाऊस पडून गेला की म्होरकीखाली बोटे घालून पाहायची सवय त्यासाठी हवी.

म्होरकी बसवायची कशी? घोड्याच्या डोळ्याखालून गालावर हाडाची एक कड हाताला लागते. ती नाकाच्या दिशेने येऊन संपते. जेथे संपते त्याच्या दोन बोटे खाली नाकाडाची पट्टी यावी. याहून खाली का नको? खाली नाकाडाचे हाड निमुळते आणि पातळ होत जाते, आणि त्यापुढे नुसता मऊ भाग असतो. घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. नाक हाच त्याचा एकमेव मार्ग. पट्टी खाली सरकून नाकपुड्यांवर दाबली तर घाट चढणाऱ्या तट्टाचा श्वासच कोंडतो. पट्टी आणि नाकाड यांच्यामध्ये दोन बोटे आडवी सहज जावीत, आणि हे घोडा चारा चावत असताना पाहावे. जबडा हलतो तेव्हा तोंडाचा घेर वाढतो. कानांमागची पट्टी कानांच्या बुडाला टोचू नये. गळ्याखालची पट्टी असेल तर तिच्यात मूठ मावावी.

गालावरच्या कड्या आणि बक्कल यांकडे जरा जास्त लक्ष द्या. जबड्याच्या मोठ्या स्नायूवरून, कातडीच्या अगदी लगत, चेहरा हलवणारी चेता जाते. लोखंडी कडी तिच्यावर बराच वेळ दाबली गेली तर त्या बाजूचा ओठ लोंबतो आणि नाकपुडी नीट उघडत नाही. शस्त्रक्रियेसाठी गुंगी देऊन घोड्याला कुशीवर निजवतात तेव्हा पशुवैद्य म्होरकी आठवणीने काढून ठेवतात, ते याचसाठी.

तयार म्होरकी प्रत्येक डोक्याला बसतेच असे नाही, तिला जुळवून घ्यावी लागते. आपल्याकडे यासाठी अस्सल सामान हाताशी आहे : घोंगडी! फाटक्या घोंगडीची चार बोटे रुंद पट्टी कापून ती नाकाडावर आणि कानांमागे पट्टीभोवती गुंडाळून शिवावी. लोकर दाबली जाते आणि पुन्हा फुगते, त्यामुळे दाब पसरतो. मात्र शिवणीची गाठ बाहेरच्या अंगाला हवी, आणि घाम व माती बसून लोकर कडक झाली की धुवायला हवी. नाहीतर तीच कानस बनते. अस्तर लावल्यावर आतली जागा कमी होते. तेव्हा दोन बोटांची परीक्षा पुन्हा घ्यावी, हे पुष्कळ जण विसरतात. दोरीची घरगुती म्होरकी असेल तर नाकाडाचा फास सरकता आहे का ते पाहा. असेल तर दोरीत एक पक्की गाठ मारा, म्हणजे फास ठरावीक मापाच्या आत आवळणार नाही. मानेत सरकता फास घालून जनावर कधीही बांधू नये.

पट्टी लांब पडली म्हणून तिला गाठ मारून आखूड करण्याची युक्ती सर्रास दिसते. ती गाठ नेमकी हाडावर येते. त्यापेक्षा दाभणाने नवे भोक पाडावे. पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, तेथे गेलात तर गाढवांची डोकी निरखून पाहा. कपाळ रुंद, तोंड पुढे निमुळते, कान केवढे तरी. घोड्याची म्होरकी त्याला कपाळाला घट्ट आणि नाकाला ढगळ होते. गाढवासाठी कानांवरून ओढून न घालता कानांमागे बक्कल लावता येईल अशी पट्टी करावी.

शिंगराची गोष्ट वेगळीच. शिंगरू आठवड्या-आठवड्याला वाढते, म्होरकी मात्र वाढत नाही. पावसाळ्यात घातलेली म्होरकी दिवाळीपर्यंत तशीच राहिली तर ती कातडीत रुतते. शिंगराला म्होरकी रोज थोडा वेळ घालावी आणि काढावी. त्या वेळातच त्याला एक धडा द्यावा. दावे अगदी हलके ओढून धरायचे आणि शिंगराने एक पाऊल पुढे टाकले, की त्याच क्षणी ओढ सोडायची. काही दिवसांत त्याला उमगते, की दाब आला की पुढे जावे म्हणजे दाब जातो. मघाशी जे तट्टू मागे रेटत होते त्याला हा धडा कोणी दिला नव्हता. सुतळीच्या फ्यूजपेक्षाही हा धडा जास्त कामाचा, असे माझे मत आहे.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अगर दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

राहता राहिला तुमचा स्वतःचा हात. दावे हाताला कधीही गुंडाळू नका. जास्तीची दोरी घडी घालून मुठीत धरा. लहानपणी मी एकदा दाव्याचे दोन वेढे तळहाताला घेतले होते. तट्टू फक्त एका पावलाने बाजूला उडाले. माझी करंगळी अजून पूर्ण मिटत नाही.

काम संपले, घोडा चरायला सोडायचा, तर म्होरकी काढूनच सोडावी. घोडा मागच्या पायाने कान खाजवतो आणि त्याचा खूर ढगळ म्होरकीत अडकू शकतो. झुडपाची फांदीही अडकते. सोडताना त्याला आधी आत न्या, वळवून त्याचे तोंड तुमच्याकडे आणि तुमची पाठ फाटकाकडे येईल असे उभे करा, मग डाव्या बाजूला उभे राहून कानांमागची पट्टी सोडा आणि एक पाऊल मागे या. मोकळे झालेले तट्टू आनंदाने वळते, लाथा झाडते आणि मग धावत सुटते. त्या वेळी तुम्ही त्याच्या शेपटीकडे नसलात म्हणजे झाले.